गाडीच्या विम्यावर ‘८० टक्के सूट’: तुमच्या खिशातून नक्की किती कमी जातात?



या आठवड्याच्या व्हिडिओत गाडीच्या विम्याचे आकडे मी फळ्यावर भराभर मांडले. व्हिडिओत तसं चालतं, हिशोबात चालत नाही. म्हणून तोच धडा इथे सावकाश लिहून देतोय. कपाटातली तुमची पॉलिसी बाहेर काढा, कॅल्क्युलेटर घ्या आणि मग पुढे वाचा.

धाराशिवच्या आमच्या वर्गात भूम तालुक्यातला एक तरुण यायचा. घरचा खव्याचा धंदा. भूम-कुंथलगिरी भागातल्या खव्याबद्दल आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला मी काय वेगळं सांगणार! हा मुलगा भट्ट्यांवरचा खवा गोळा करून बार्शीला, सोलापूरला पोचवायचा. त्या दिवशी आम्ही प्रत्येकाच्या धंद्याचा खर्चाचा तक्ता मांडत होतो. डिझेल झालं, गाडीचा हप्ता झाला, टायर झाले. मग मी विचारलं, “विम्याचे किती धरलेस?”

“सर, विम्यात आपण लई वाचवलं. पुण्याहून फोन आला होता. अठ्ठ्याहत्तर टक्के डिस्काउंट दिला त्यांनी.”

“कशावर?”

“म्हणजे?”

“अठ्ठ्याहत्तर टक्के कशावर?”

“विम्यावर, सर.”

वर्गात पंचवीसेक जण होते. त्यातल्या निम्म्यांकडे गाड्या. ‘कशावर’ याचं उत्तर एकालाही देता आलं नाही. त्यांना हसायचं कारण नाही. मी स्वतः पहिली गाडी घेतली तेव्हा शोरूमवाल्याने ‘विमा आमच्याकडून फ्री’ म्हटलं आणि मी खूश होऊन पेढे वाटले होते. गाडीच्या किमतीत तो कुठे लपवला होता ते मला तीन वर्षांनी कळलं.

बिलाचे दोन तुकडे करा

गाडीच्या पॉलिसीत मुख्य दोन भाग असतात. एक थर्ड पार्टी: तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याला इजा झाली, मृत्यू झाला, त्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर त्याची भरपाई. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे हा विमा सक्तीचा आहे. दुसरा भाग ओन डॅमेज: तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान किंवा चोरी. हा तुमच्या इच्छेवर. बँकेचं कर्ज असेल तर बँक घ्यायला लावते, ते वेगळं.

आता मुद्दा बघा. थर्ड पार्टीचा दर कंपनी ठरवत नाही. तो सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या तक्त्यात खासगी कारला १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि त्याच्या वर ७,८९७ रुपये आहेत. भाड्याने माल वाहणाऱ्या चारचाकी गाडीला, म्हणजे आपल्या छोट्या हत्तीसारखीला, एकूण वजन साडेसात हजार किलोच्या आत असेल तर १६,०४९ रुपये. दिवाळी असो की दसरा, धाराशिव असो की मुंबई, यात एजंट एक रुपया सोडू शकत नाही. सूट आहे ती सरकारनेच दिलेली, जसं की इलेक्ट्रिक गाडीला १५ टक्के, हायब्रिडला साडेसात टक्के.

म्हणजे ‘८०’, ‘७०’, ‘५०’ हे जे आकडे तुम्हाला ऐकवले जातात ते सगळे फक्त ओन डॅमेजच्या तुकड्यावर चालतात. नो क्लेम बोनससुद्धा तिथेच.

समजा तुमची बाराशे सीसीची कार आहे. कंपनीची सूट वजा जाऊन ओन डॅमेज ३,००० रुपये आलं. थर्ड पार्टी ३,४१६. बेरीज ६,४१६. तुमचा नो क्लेम बोनस ५० टक्के आहे, म्हणजे १,५०० रुपये कमी झाले. १८ टक्के जीएसटी धरून बोनसशिवायचं बिल ७,५७१ रुपये, बोनससह ५,८०१. वाचले १,७७०. पन्नास टक्के म्हणता म्हणता प्रत्यक्षात तेवीस टक्के झाले.

छोट्या हत्तीचं बघा. थर्ड पार्टी १६,०४९, ओन डॅमेज समजा ४,०००. जीएसटी बाजूला ठेवू, कारण मालवाहू गाडीच्या थर्ड पार्टी भागावर त्याचा दर कमी आहे आणि आकडे उगाच गुंततात. बेरीज २०,०४९. पाच वर्षं गाडीला ओरखडाही न येऊ देता तुम्ही ५० टक्के बोनस कमावला, तर वाचले २,०००. जेमतेम दहा टक्के! धंद्याच्या गाडीवर सुटीचा एवढा गाजावाजा का ऐकायचा, हे तुम्हीच ठरवा.

टक्के येतात कुठून?

हा भाग मला फार आवडतो, कारण यात दुकानदारी शिकायला मिळते.

एके काळी ओन डॅमेजचेही दर ठरलेले होते. १ जुलै २००२ पासून ‘इंडिया मोटर टॅरिफ’ नावाचं दरपत्रक लागू होतं. गाडीचं वय, सीसी आणि शहर बघायचं, तक्त्यात बोट ठेवायचं, दर मिळाला. कोणत्याही कंपनीत जा, तोच. मुंबई, पुणे, दिल्ली, हैदराबाद अशी आठ मोठी शहरं ‘ए’ विभागात, बाकी सगळा देश ‘बी’ विभागात. आपला धाराशिव अर्थात ‘बी’. पाच वर्षांच्या आतल्या १००० ते १५०० सीसी कारला ‘ए’ मध्ये गाडीच्या किमतीच्या ३.२८३ टक्के, ‘बी’ मध्ये ३.१९१ टक्के.

१ जानेवारी २००७ पासून हे बंधन गेलं. कंपन्यांना आपापला दर लावायची मोकळीक मिळाली. पण जुना तक्ता लोकांच्या, एजंटांच्या आणि सॉफ्टवेअरच्या डोक्यातून गेला नाही. आजही बऱ्याच ठिकाणी ‘इतके टक्के सूट’ म्हणजे त्या जुन्या दराच्या खाली इतकं, असाच हिशोब असतो. ज्या भावाने आज फारसं कुणी विकतच नाही, त्या भावावर ही सूट.

आपल्या बाजारपेठेत साडीच्या दुकानात ‘१,२०० ची ४९९ ला’ अशी पाटी बघून तुम्ही काय म्हणता? “बाराशेला कुणी घेतली होती का?” विम्याच्या पाटीसमोर उभं राहून हाच प्रश्न विचारायचा. सूट खोटी आहे असं माझं म्हणणं नाही. मोकळीक मिळाल्यावर कंपन्यांत चढाओढ लागली आणि ओन डॅमेज स्वस्तही झालं, हे मान्य करायलाच पाहिजे. पण ८० टक्के सूट देणारी कंपनी ७० टक्केवाल्यापेक्षा स्वस्तच असेल, असं त्या आकड्यावरून ठरत नाही. प्रत्येकाचा मूळ आकडा वेगळा असू शकतो. आणि त्यात आणखी एक आकडा गुपचूप हलवला जातो.

आयडीव्ही नावाचा हलणारा आकडा

पॉलिसीवर आयडीव्ही लिहिलेलं असतं. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीपलीकडे गेली, तर कंपनी जास्तीत जास्त जी रक्कम देईल ती ही. गाडी जुनी होते तसा हा आकडा उतरतो: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घट, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०.

सात लाखांची कार, वय तीन वर्षांहून थोडं जास्त. ४० टक्के घट धरून आयडीव्ही ४,२०,००० येतो. तीन वर्षं क्लेम नाही म्हणून नो क्लेम बोनस ३५ टक्के. दोन कोटेशन आली. आकडे मी समजण्यासाठी घेतलेत, दर जुन्या तक्त्याचाच धरलाय.

पहिलं: ‘८० टक्के सूट’. एकूण ५,६९५ रुपये.
दुसरं: ‘७० टक्के सूट’. एकूण ७,११५ रुपये.

सरळ १,४२० रुपयांचा फरक. कुणीही पहिलं घेईल. पण कागद नीट वाचला तर दिसतं की पहिल्याने आयडीव्ही ३,४०,००० धरलाय आणि दुसऱ्याने ४,२०,०००. पहिल्याला फोन करून सांगा, “तुमची ८० टक्केच ठेवा, फक्त आयडीव्ही ४,२०,००० करून द्या.” बिल येतं ६,०८६.

म्हणजे १,४२० पैकी १,०२९ रुपये खरोखर स्वस्ताई होती. उरलेले ३९१ रुपये वाचवण्यासाठी तुमची ८०,००० रुपयांची भरपाई कापली होती. चोरी रोज होत नाही, खरं आहे. पण ३९१ रुपयांत ८०,००० रुपये सोडायला तुम्ही जाणूनबुजून तयार झाला असता का? इथे तर तुम्हाला विचारलंही नव्हतं.

उलटही होतं बरं का. काही जण हौसेने आयडीव्ही फुगवून घेतात. बाजारात चार लाखांची गाडी, पॉलिसीवर पाच. क्लेमच्या वेळी वाद होतो आणि जादा प्रीमियम वाया जातो. खऱ्या किमतीच्या जवळ ठेवा.

म्हणून कोटेशन मागताना टक्के विचारायचेच नाहीत. एका कागदावर गाडीचा प्रकार, आयडीव्ही, पहिला भार आपण किती उचलणार आणि जोडकव्हर कोणकोणती, हे स्वतः लिहायचं. तोच कागद तीन जणांना पाठवायचा आणि सांगायचं, “जीएसटीसकट शेवटचा आकडा द्या.” मग जो कमी, तो स्वस्त. एवढंच आहे.

नो क्लेम बोनस: सगळ्यात खरी सूट, पण तारण ठेवलेली

वर्षभर क्लेम केला नाही तर पुढच्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. ही सूट खरी आहे. एका कंपनीतून दुसरीत जाताना सोबत येते. जुनी गाडी विकून नवी घेतली तर नव्या गाडीला लावता येते, कारण बोनस मालकाचा असतो, गाडीचा नसतो. (पुण्यात सेकंडहँड गाडी घेताना ‘५० टक्के बोनससकट देतो’ म्हणणारा भेटला तर नमस्कार करून पुढे जा. त्याचा बोनस त्याचा. तुम्ही तो आपला म्हणून लिहून दिलात तर क्लेमच्या वेळी ओन डॅमेजचं संरक्षण गमवाल.) मुदत संपल्यावर ९० दिवसांत रिन्यू केलं नाही तर बोनस जातो.

पण एक क्लेम केला की ओळीने सगळं शून्यावर. त्यामुळे क्लेम करायचा की नाही, हा धंद्याचा निर्णय आहे. तो गॅरेजवाल्यावर सोडू नका. तो म्हणणारच, “विमा आहे ना, टाका क्लेमला.”

हिशोब असा. तुमचा बोनस आज ३५ टक्के आहे. क्लेम केला नाही तर पुढची वर्षं ४५, ५०, ५०, ५०, ५० अशी जातील. केला तर ०, २०, २५, ३५, ४५. वर्षावर्षाचा फरक ४५, ३०, २५, १५ आणि ५. बेरीज १२०. म्हणजे एका क्लेमची किंमत बोनसआधीच्या ओन डॅमेज प्रीमियमच्या एक पूर्णांक दोन पट. तुमचं ओन डॅमेज ६,००० असेल तर ७,२०० आणि त्यावर जीएसटी, एकूण ८,४९६ रुपये. गाडीची किंमत उतरते तसा प्रीमियमही थोडा उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षात याहून थोडं कमी भरेल. अंदाजाला पुरे आहे.

आता पार्किंगमध्ये बंपर फुटला. बिल ९,०००: बंपर ६,०००, बाकी मजुरी-रंग ३,०००. प्लास्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा कापतात, म्हणजे बंपरचे ३,०००च मिळणार. (रंगातूनही थोडं कापतात, ते सोडून देऊ.) झाले ६,०००. त्यातून पहिले १,००० रुपये सक्तीने आपले. १५०० सीसीपर्यंतच्या कारला तेवढे, त्यावर २,०००. हातात ५,०००. पाच हजार मिळवायला साडेआठ हजार घालवायचे? बंपर स्वतः बदला.

हेच गाडीच्या पहिल्याच वर्षी झालं तर गणित बदलतं. तेव्हा गमवायचा बोनस २०, २५, ३५ अशा खालच्या पायऱ्यांचा असतो आणि फरकांची बेरीज फक्त ५० टक्के येते. सहा हजारांवर तीन हजार, जीएसटीसकट ३,५४०. पाच हजार मिळत असतील तर खुशाल क्लेम करा. एकाच बंपरला दोन वेगळी उत्तरं आली, आणि दोन्ही बरोबर आहेत.

बारीकसारीक सुटी

‘पहिले १५,००० मी भरीन’ असं स्वतःहून लिहून दिलं की जुन्या टॅरिफप्रमाणे ओन डॅमेजवर ३५ टक्के सूट, कमाल २,५०० रुपये. ओन डॅमेज ३,००० असेल तर वाचतात १,०५०. म्हणजे चौदा वर्षं अपघात झाला नाही तर हे १५,००० भरून निघतात. मोठ्या, महागड्या गाडीला आणि हाताशी रोकड असणाऱ्याला हे जमू शकतं. ज्याच्या खात्यात महिनाअखेरीला आठ हजार शिल्लक असतात त्याने या वाटेला जाऊ नये.

पुण्याच्या एआरएआय संस्थेने मान्य केलेलं चोरीरोधक यंत्र बसवलं तर अडीच टक्के, कमाल ५०० रुपये. मान्यताप्राप्त ऑटोमोबाइल असोसिएशनचे सभासद असाल तर पाच टक्के, कमाल २०० रुपये. एवढ्यासाठी यंत्र किंवा सभासदत्व घेऊ नका. आधीच असेल तर मागून घ्या.

एक सूट मात्र बहुतेकांची सुटते. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा. घरात तुमच्याच नावावर कार, छोटा हत्ती आणि मोटारसायकल असेल तर तीन पॉलिसींत तीनदा त्याचे पैसे भरायची गरज नाही. जानेवारी २०१९ पासून तो स्वतंत्रपणे घेता येतो, एक पुरतो. बाकीच्या पॉलिसी घेताना तसं लिहून द्यायचं. मी वर्गात विचारलं तेव्हा चार जण दोन-दोनदा भरत होते.

आणि तो ओळखीचा एजंट, “माझ्या कमिशनमधले पाचशे तुम्हाला सोडतो” म्हणणारा? विमा कायदा १९३८ च्या कलम ४१ प्रमाणे अशी सूट देणं आणि घेणं दोन्हीला मनाई आहे. माणूस प्रेमाने म्हणत असेल, पण पाचशेसाठी नको. बाजारभावाच्या निम्म्याने पॉलिसी देणारा अनोळखी फोन आला तर त्याहून सावध. पैसे भरल्यावर एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून विमा दिसतो का ते बघा. दिसला नाही तर दोन-चार दिवसांत कंपनीच्या कार्यालयात थेट विचारा. नकली पॉलिसीचा कागद रंगीतच असतो.

जीएसटी नोंदणी नियमित असलेल्यांसाठी एक ओळ: मालवाहू गाडीच्या विम्यावरचा जीएसटी इनपुट क्रेडिटमध्ये घेता येतो, साध्या प्रवासी कारवरचा सहसा नाही. तुमच्या सीएला विचारा. अनेकांसाठी बोनसपेक्षा ही रक्कम मोठी भरते.

आता हे सगळं खर्चाच्या तक्त्यात बसवू. विमा वर्षाला २०,०००, गाडी वर्षाला २५,००० किलोमीटर धावते. किलोमीटरला ८० पैसे. दोन हजारांची सूट मिळाली तर ७२ पैसे. आठ पैशांचा फरक! डिझेल किलोमीटरला सहा-सात रुपये खातं. रिकामी परत येणारी एक फेरी महिन्यातून कमी केलीत तरी वर्षभराच्या सुटीपेक्षा जास्त वाचतं. सूट घ्याच, पण तिच्यामागे चार दिवस घालवू नका.

आणि तो खवा

त्या दिवशी वर्गात मी त्या मुलाला पुढचा प्रश्न विचारला. “नंबरप्लेट कुठली?”

“पांढरी.”

“आणि गाडीत काय नेतोस?”

“खवा, सर. मागची सीट काढलीय.”

त्याची पॉलिसी खासगी कारची होती. तिच्या दुसऱ्याच पानावर लिहिलेलं असतं: भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर आणि सामानाची वाहतूक (नमुने व वैयक्तिक सामान सोडून) या पॉलिसीत बसत नाही. त्याला खरी ‘सूट’ मिळाली होती ती त्या अठ्ठ्याहत्तर टक्क्यांत नव्हती. थर्ड पार्टीचे १६,०४९ भरायच्या ऐवजी तो ३,४१६ भरत होता. १२,६३३ रुपये त्याने वाचवले होते, चुकीच्या गटात बसून. फक्त स्वतःचाच माल नेणाऱ्या मालवाहू गाडीचा वेगळा गट आहे आणि त्याचा दर भाड्याच्या गाडीपेक्षा कमी आहे, पण त्यासाठीही गाडी मालवाहू म्हणूनच नोंदलेली लागते. आणि तिच्यात एकदाही शेजाऱ्याचा माल भाड्याने टाकायचा नाही.

मी त्याला हे समजावलं. वर म्हणालो, “रिन्यूअलला बदलून घे.” रिन्यूअलला सात महिने होते. हे वाक्य मी बोलायला नको होतं. ‘आज जा’ म्हणायला हवं होतं.

पाच आठवड्यांनी बार्शीच्या अलीकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला चुकवताना गाडी खाली गेली. माणसाला काही झालं नाही. दुरुस्तीचा अंदाज १,३६,०००. सर्व्हेअरने फोटो काढले, त्यात खव्याचे टोपले स्पष्ट दिसत होते. पंधरा-वीस दिवसांत पत्र आलं, वापर पॉलिसीबाहेरचा, क्लेम नामंजूर.

थर्ड पार्टीचं नुकसान झालं नाही हे नशीब. तसं झालं असतं तर न्यायालय कधी कधी कंपनीला आधी भरायला लावतं आणि नंतर ती रक्कम मालकाकडून वसूल करायची परवानगी देतं. तिथे आकडे लाखांत असतात. घर, शेत, सगळं पणाला.

त्याच्या क्लेमबाबत एक वाट उरली होती. खासगी गाडी भाड्याने वापरल्याच्या आरोपावरून नाकारलेल्या एका क्लेममध्ये सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली म्हटलं होतं की कंपनीने क्लेम सगळाच्या सगळा नाकारायला नको होता, काही रक्कम कापून निकाली काढायला हवा होता. तो निकाल जोडून आधी कंपनीच्या तक्रार विभागाला पत्र दिलं. तिथे काही झालं नाही तर पुण्यातल्या विमा लोकपालांकडे अर्ज करता येतो, त्याला फी लागत नाही. किंवा जिल्हा ग्राहक आयोग. त्याने लोकपालांकडे अर्ज केला. हे लिहीपर्यंत निर्णय आलेला नाही. पूर्ण रक्कम मिळेल अशी आशा त्यालाही नाही.

गाडी त्याने तशीच गॅरेजवाल्याला विकली. तीन महिने भाड्याच्या गाडीने खवा पोचवला, त्यात भावाच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे गेले. आता पिवळ्या प्लेटची सेकंडहँड मालवाहू व्हॅन आहे. त्याने मला नव्या पॉलिसीचा फोटो पाठवला. सोबत लिहिलं होतं, “सर, सूट ४५ टक्केच आहे. पण ‘गुड्स कॅरिंग’ लिहिलंय ना, ते एकदा बघून सांगा.”

लिहिलंय. तुमच्या पॉलिसीवर काय लिहिलंय?